तिसरं सत्र माझं

ता. ४ सप्टेंबर

चि. टिटवीस,

तुला एक आजी आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पत्र कुणाचं म्हणून पाकीट उलटंपालटं करत बसायला नको. वरच्या मजल्यावर राहते, खुब्यात खिळा आहे, तुला दात नव्हते तेव्हापासून तुला ओळखते. मागचं पत्र तू जुलैत पाठवलंस. त्यात आल्याच्या बिस्किटांचा पुडा पाठवते असं लिहिलं होतंस. पत्र आलं, पुडा नाही आला. पोस्टमनवर संशय घेत होते, पण तो माणूस गोड खात नाही.

अ. उ. आ. कोर्टबाई म्हणतात की आशीर्वाद असे तीन अक्षरांत लिहिले तरी पूर्ण पोचतात. नाही पोचले तर कळव, पुढच्या वेळी लांबवून सांगेन.

कोर्टबाई म्हणजे समोरच्या दारातल्या. तुला आठवत असतील, पण तुझं आठवणं कसं असतं ते आत्ताच लिहिलं आहे, म्हणून परत सांगते. चाळीस वर्षं कोर्टात लोक बोलतील ते तसंच्या तसं उतरवून घ्यायचं काम केलं. मी बोलते, त्या लिहितात. तुझं पत्र आलं की त्या वाचतात, मी ऐकते. पहिल्याच दिवशी आमचं ठरलं आहे: बोललं ते लिहायचं, लिहिलंय ते वाचायचं, मधे आपलं शहाणपण घालायचं नाही. फोनचं मला जमत नाही. त्यात तुझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो आणि मग तू सांगतेस ते खरं वाटत नाही.

तुझा बाप परवा मालगाडी पोचवून आला. त्याच्याकडून कळलं की प्रयोगशाळेवाले तुला कायम करणार आहेत. तो खूश आहे. दोनदा जेवला. मी विचारलं, तिला ते पुढचं मोठं शिक्षण करायचं होतं त्याचं काय झालं, तर म्हणाला ते राहिलं असेल. राहिलं असेल म्हणजे काय ते तू सांग. एखादी गोष्ट आपण ठेवली तर राहते, की आपोआप राहते?

मी बरी आहे. काठी घेऊन जिन्यापर्यंत जाते आणि जिना बघून परत येते. लोभ आहे तेवढा पुरे, पत्रं वाढव.

तुझी आजी


ता. १३ सप्टेंबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. बिस्किटांचा पुडा याबरोबर वेगळा पाठवला आहे. जुलैत घेतला होता, पण तो पाठवायचा राहिला आणि मग खाल्ला गेला. हे आपोआप झालं नाही, मी खाल्ला.

प्रयोगशाळेचं खरं आहे. गावभरातून पाण्याच्या बाटल्या येतात. मी त्यांना चिठ्ठी लावते, तारीख घालते, रिकाम्या झाल्या की धुते, उकळते, पालथ्या घालते. बाटलीत काय आहे ते सांगणारी माणसं काचेच्या पलीकडे बसतात. काचेपलीकडे बसायला ते पुढचं शिक्षण लागतं. मुख्य तपासनीस म्हणाले की जानेवारीअखेर सही केलीस तर कायम, पण बाटल्यांवरच. त्यांनी हे चांगल्या मनाने सांगितलं. बाटल्या फुटायचं प्रमाण मी आल्यापासून कमी झालंय म्हणाले.

पुढच्या शिक्षणाचं असं आहे की साठ टक्के लागतात. मला सगळी सहा सत्रं मिळून एकोणसाठ पूर्णांक सहा दशांश आहेत. साठच्या खालच्यांनी अर्ज करूच नये असं नाही. करावा, आणि गुण कमी का पडले ते एका पानात लिहावं, पुरावा असेल तर जोडावा. अर्जाची मुदत पंधरा डिसेंबर, निकाल मार्चमध्ये. म्हणजे निकाल यायच्या आधीच इकडच्या सहीची तारीख निघून जाते. सही केली तर दोन वर्षं सोडता येत नाही. त्यामुळे बाबा म्हणतात ते बरोबर असेल. मी अजून ठरवलेलं नाही. ते पान मला लिहिता येत नाहीये.

थंडीत गुडघ्यावर पांघरूण घेत जा. माया आहे तशी असू द्यावी.

तुझी टिटवी


त्याच पाकिटातली चिठ्ठी

कोर्टबाईंस सा. न.

ही चिठ्ठी तुमच्यासाठी आहे, आजीला वाचून दाखवू नका. पाकीट एकच आहे कारण तिकीट एकच उरलं होतं.

माझे गुण दोनदा पडले. तिसऱ्या सत्रात आजीचं खुब्याचं हाड मोडलं. बाबा गाडीवर, आई तर नाहीच, म्हणून मी चार महिने घरी राहिले. आजीला सांगितलं की कॉलेजचं छत गळतंय, दुरुस्तीला बंद आहे. प्रात्यक्षिकं बुडाली, दोन विषय गेले. मग पाचव्या सत्रात सांख्यिकी गेली. तिन्ही नंतर काढले, पण सरासरीत पहिलेच गुण धरतात.

रसायनाच्या बाई म्हणतात, आजीचं लिही, एवढं धडधडीत कारण कुणाकडे असतं. मला ते लिहायचं नाही. तिला कळलं की तिच्यामुळे माझे गुण गेले, तर ती पुढच्या वेळी पडली तरी सांगणार नाही. तुम्ही कोर्टातले कागद पाहिलेत. आजीचं नाव न येता असं काहीतरी कसं लिहायचं, तेवढं कळवाल का?


ता. २१ सप्टेंबर

चि. टिटवीस अ. उ. आ.

पुडा मिळाला. मोजला. सतरा अख्खी, बाकी चुरा. चुरा कोर्टबाईंकडच्या पाखरांना घातला.

आता चिठ्ठीचं. चिठ्ठीवर लिहिलं होतं की आजीला वाचून दाखवू नका. कोर्टबाईंनी तेही वाचून दाखवलं. पाकिटावर माझं नाव होतं. माझ्या नावाच्या पाकिटातून निघेल ते माझं, असं त्यांचं म्हणणं. वाचताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला, पण थांबल्या नाहीत. मग स्वतःच उठून माझा चहा गरम करून आणला. याआधी त्यांनी चहाला कधी हात लावला नव्हता. तू इतकी वर्षं शिकलीस आणि एक तिकीट वाचवायला गेलीस.

नंतरचे दोन दिवस वहीचं पान कोरंच राहिलं. त्या रोज वही घेऊन येत होत्या, बसत होत्या, जात होत्या.

मी तेव्हा म्हणत होते की तुझ्या कॉलेजला सुट्ट्या फार. छत गळतंय म्हणालीस, मी म्हटलं गळत असेल, सरकारी छत आहे. मला उठवायचीस, बसवायचीस, माझे केस धुवायचीस, आणि कपाटाच्या मागे बसून वाचायचीस. मला वाटायचं मुलगी अभ्यासू आहे. ती नापास होत होती.

रागावले आहे. पण ते बाजूला ठेवते, कारण तुझी तारीख जवळ आहे आणि माझा राग कुठे जात नाही.

अंड्यांच्या गोदामात मी एकतीस वर्षं काढली ते तुला माहीत आहे, पण काम काय होतं ते तू कधी विचारलं नाहीस. अंधारी खोली, समोर पत्र्याची पेटी, पेटीला भोक, आत दिवा. अंडं भोकाशी धरायचं, फिरवायचं, आतलं दिसतं. चांगलं डावीकडे, हलकं उजवीकडे, वाईट खाली. एका अंड्याला एक श्वास, त्याहून जास्त वेळ मिळायचा नाही. काही अंडी अशी यायची की कळायचं नाही. ती मी पायाशी एका टोपलीत ठेवायची आणि चहाच्या सुट्टीनंतर परत बघायची. मुकादमाला आवडायचं नाही, पण माझी अंडी परत यायची नाहीत म्हणून गप्प बसायचा.

तुला वाटेल आता मी सांगणार की टोपलीतली सगळी चांगली निघायची. नाही निघायची. बहुतेक उजवीकडेच जायची. पण काहींवर नुसता डाग असायचा, पिसाचा, शेणाचा, आणि दिव्यात तो चिरेसारखा दिसायचा. तो ओल्या बोटाने पुसला की जायचा. चीर पुसली जात नाही. पुसून पाहिल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही, एवढंच.

तेव्हा तिसरं सत्र माझं. ते लिही. नाव घाल, हाड घाल, खिळा घाल. मला लाज वाटत नाही, मी मुद्दाम पडले नव्हते.

पण पाचव्या सत्रात मी नळापर्यंत चालत होते. तुझी वाट अडवून कोणी बसलं नव्हतं. मग ती सांख्यिकी का काय, ती कशाने गेली? ते तुझ्या चिठ्ठीत नाही. कोर्टबाईंना दोनदा वाचायला लावलं.

शंभरात साठ हवेत आणि तुझ्याकडे एकोणसाठ आणि वर अर्ध्याहून जरा जास्त. अर्धं अंडं मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही. ते कुठून येतं तेही कळव.

तुझी आजी


ता. २ ऑक्टोबर

ती. आजीस शि. सा. न.

कोर्टबाईंवर रागवायचं होतं, पण पाकिटाचं त्यांचं म्हणणं खोडता येईना. मी एकटीनेच तीन दिवस प्रयत्न केला.

पाचव्या सत्राचं विचारलंस. आम्ही त्या वर्षी टेबल टेनिस खेळायचो. लाकडी फळीने टेबलावरून चेंडू मारायचा खेळ. कॉलेजात माझा दुसरा नंबर आला. सांख्यिकीचा तास दुपारी दोनला असायचा आणि टेबल दुपारी दोनलाच रिकामं मिळायचं. सुरुवातीला एकेक तास बुडवला, मग सगळेच. खरं सांगायचं तर खेळापेक्षा दुसरंच काही होतं. मला वाटायचं, मी चार महिने एवढं केलंय, आता पेपरने जरा नमतं घ्यावं. पेपरने घेतलं नाही. पुढच्या सत्रात परत बसले आणि एकाहत्तर मिळाले, म्हणजे विषय अवघड नव्हता. हे जास्तच वाईट दिसतं.

तुझ्या परवानगीने ते पान लिहिलं. सोबत जोडलं आहे. त्यात हाड आहे, खिळा आहे, चार महिने आहेत, आणि शेवटी असं लिहिलंय की त्या काळाचा परिणाम पुढच्या सत्रांवरही झाला. हे खोटं नाही. रसायनाच्या बाईंना आवडलं. टेबल टेनिस घातलेलं नाही, कुणी विचारलेलंही नाही.

पुराव्याला डॉक्टरचा कागद हवा. बाबांनी दवाखान्याचे सगळे कागद इतके नीट ठेवलेत की ते आता त्यांनाच सापडत नाहीत, आणि डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे गेले. पुरावा नसेल तर त्यांच्या दृष्टीने ते पान म्हणजे गोष्ट. काय करावं सुचत नाही.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव, पण हळूहळू.

टिटवी


ता. १० ऑक्टोबर

चि. टिटवी हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझ्या वतीने आहे. तुझ्या आजींनी सांगितलेलं नाही, पण पाठवते आहे हे त्यांना सांगितलं आहे.

तुझं पान त्यांना तीन वेळा वाचून दाखवलं. पहिल्यांदा त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा, शेवटच्या वाक्यापाशी त्यांनी मला हात करून थांबवलं आणि ते वाक्य सुटं वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा फक्त तेवढंच. नंतर त्यांनी विचारलं की कोर्टात असं वाक्य चालतं का. मी म्हटलं चालतं, रोज चालतं. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला चाळीस वर्षं पुष्कळ काम मिळालं असेल.

चिठ्ठी वाचल्याबद्दल मी माफी मागणार नाही. वाईट मात्र वाटलं. तुझ्या आजींना अक्षर येत नाही. त्यांच्यासाठी कागदावर जे आहे ते सगळं माझ्या तोंडातून येतं. मी एकदा एक ओळ गाळली, तर त्यानंतर मी वाचलेली कुठलीच ओळ त्यांना पूर्ण मानता येणार नाही. तुला हे पटेल अशी अपेक्षा नाही.

त्यांनी परवा माझं टाईपयंत्र बाहेर काढायला लावलं आहे. पुराव्याची काळजी करू नकोस, एवढंच सांगते. किंवा कर.

कोर्टबाई


ता. १९ ऑक्टोबर

चि. टिटवीस अ. उ. आ.

सोबत पुरावा आहे. कोर्टबाईंनी यंत्रावर उतरवला, शब्द माझे आहेत, तुझ्या बापाने शेजारी उभं राहून ऐकला आणि खाली सही केली. त्याने आधी खूप डोकं खाजवलं. तुलाही वाचता येतो, तरी इथे परत सांगते, म्हणजे मला कळेल की मी काय सांगितलं.

मी, अंगठा करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, काम अंडी निवडणे, आता बंद, असं सांगते की माझ्या नातीच्या तिसऱ्या सत्रात माझं खुब्याचं हाड मोडलं आणि तिने चार महिने मला उचललं, म्हणून तिचे दोन विषय गेले. तिच्या पाचव्या सत्रात माझं हाड जुळलेलं होतं. तेव्हाचा एक विषय टेबल टेनिसने गेला. ती चांगलं खेळते असं ऐकते. दोन्ही गोष्टी मला माहीत आहेत त्याप्रमाणे खऱ्या आहेत.

एवढंच. आता तू म्हणशील की पहिलं वाक्य ठेवू आणि पुढचं कापू. म्हणून अंगठा मी खाली केला नाही. दोन गोष्टींच्या बरोबर मधे केला, अर्धा हाडावर, अर्धा टेबल टेनिसवर. कात्री चालवायची तर अंगठ्यातून चालवावी लागेल. कोर्टबाई म्हणाल्या की अंगठा असा मधे करायची पद्धत नाही. मी म्हटलं, आता आहे.

तुझ्या पानातलं ते शेवटचं वाक्य मी दिव्यासमोर धरलं. बाहेरून छान आहे. पण माझं हाड तुझ्या पाचव्या सत्रापर्यंत ताणू नकोस, आधीच एकदा मोडलंय. दोन सत्रांचं ओझं मला झेपणार नाही. एक माझं, मी घेते. दुसरं तुझं तू घे.

हा कागद पाठवायचाच असं नाही. न पाठवलास तरी मी कुणाला सांगणार नाही, कोर्टबाई तर विचारल्याशिवाय सांगतच नाहीत. पण पाठवलास तर अख्खा पाठव.

बापाचं मनावर घेऊ नकोस. तो म्हणतो हातचं काम सोडू नये. तो रुळावरून चालतो, त्याला वळायची सवय नाही.

तुझी आजी


ता. १२ डिसेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

सात आठवडे पत्र लिहिलं नाही. विसरले नव्हते. रागावले होते. तू राग बाजूला ठेवतेस, मला ते अजून जमत नाही.

तुझा कागद घेऊन नकलेच्या दुकानात गेले. कात्री नाही लावली, पण खालच्या अर्ध्या भागावर कोरा कागद ठेवून नक्कल काढून पाहिली. अर्धा अंगठा दिसत होता, दाराच्या फटीतून कुणीतरी बघतंय तसा. दुकानदाराने विचारलं की हे असंच हवंय का. मी नको म्हटलं आणि बाहेर आले.

मग प्रयोगशाळेत एक गोष्ट झाली. एका विहिरीची बाटली आली, आत काहीतरी गढूळ. काचेपलीकडल्यांनी वाईट म्हणून लिहून टाकली. मला वाटलं बाटलीच नीट धुतलेली नसेल. धुणारी मीच. हे सांगितलं तर माझी चूक उघडी पडणार होती, आणि न सांगितलं तर ती विहीर बंद होणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. नव्या बाटलीत परत पाणी मागवलं. पाणी स्वच्छ होतं. बाटली माझीच खराब होती. मुख्य तपासनीस बराच वेळ बोलले, त्यात बाटल्या न फुटण्याचा विषय नव्हता.

त्या संध्याकाळी पान नव्याने लिहिलं. हाडाला चार ओळी, टेबल टेनिसला तीन. नमतं घेण्याचंही लिहिलं. तुझा कागद अख्खा जोडला आणि परवा पाठवला. रसायनाच्या बाईंनी वाचून नुसता श्वास सोडला.

जानेवारीच्या सहीचं तपासनिसांना विचारलं, मार्चपर्यंत थांबता येईल का. येणार नाही म्हणाले, दुसरी मुलगी तयार आहे. मी सही करणार नाही असं सांगून टाकलं. फेब्रुवारीपासून मला काम नाही. बाबांना मी सांगितलं आहे. ते एकदाच जेवले असतील.

माया कुठे ठेवली आहेस तेवढं कळव.

टिटवी


ता. ९ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

प्रवेशाची मुलाखत गेल्या आठवड्यात झाली. तीन माणसं होती. दोन पुरुष आणि मधे जाड चष्म्याच्या एक बाई, त्या प्रमुख. लांब खोली, टेबलावर पाण्याचा जग. मी सवयीने जगाचा तळ पाहिला.

हाडाबद्दल कुणी काही विचारलं नाही. एका पुरुषाने विचारलं, टेबल टेनिसमध्ये पहिला नंबर कुणाचा आला. मी सांगितलं. ते म्हणाले, तो माझा पुतण्या. मग कुणी हसलं नाही, म्हणून मीही हसले नाही.

प्रमुख बाईंनी तुझा कागद हातात धरला आणि अंगठा मधे का आहे ते विचारलं. मी म्हटलं, मी तो कापू नये म्हणून. त्यांनी विचारलं, कापणार होतीस का. मी म्हटलं, "खालचा भाग झाकून नक्कल काढून पाहिली होती. अर्धा अंगठा दिसत होता." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते दिसलं नाही.

मग फळ्यावर सांख्यिकीचं गणित घातलं. पाऊण तास. मधे एक चूक केली, तीन ओळींनंतर सापडली, परत मागे गेले. त्या बाई खडू उचलायला उठल्या आणि परत बसल्या.

काल पत्र आलं. घेतलं आहे, पण अटीवर. पहिल्या सत्रात प्रत्येक विषयात पासष्ट हवेत, एकातही कमी पडले तर परत पाठवणार. पहिल्या सत्रात सांख्यिकी आहे. तास दुपारी दोनला आहे.

जूनमध्ये जायचं. इथून आठ तासांचा प्रवास. तोपर्यंत बेकरीत सकाळचं काम धरलं आहे, पुडे भरायचं.

तुझी टिटवी


ता. १७ मार्च

चि. टिटवीस अ. उ. आ., या वेळी सगळे लांबवून.

पत्र कोर्टबाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. तुझ्या बापाला मालगाडीवर निरोप पाठवला. त्याने परत निरोप पाठवला की अट कडक आहे. मी विचारायला लावलं की खूश आहेस का. त्यावर अजून उत्तर नाही, पण काल येताना त्याने तुझ्यासाठी नवी बॅग आणली आणि माझ्या पलंगाखाली सरकवून ठेवली. मला दिसत नाही असं त्याला वाटतं. तुलाही दिसली नाही असं समज.

अटीवर घेतलंय म्हणजे तू अजून पायाशीच्या टोपलीत आहेस. तिथे बसायला वाईट नाही. चहाच्या सुट्टीनंतर परत बघतील. पासष्टचं मला कळत नाही, पण दुपारी दोनला कुठे असायचं ते तुला कळतं.

आता एक राहिलं आहे. तू इतकं सगळं लिहून टाकलंस आणि माझा कागद तिथे अख्खा गेला, पण तो पूर्ण नव्हता. मी सप्टेंबरात लिहिलं की छत गळतंय म्हणालीस आणि मी मानलं. चार महिने कुठलं छत गळत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या महिन्यात तुझी मैत्रीण तुला जिन्यात भेटली होती, वह्या घेऊन, कॉलेजातून येताना. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. तू आत येऊन म्हणालीस कोणी नव्हतं. मी म्हटलं बरं.

जा म्हणायला हवं होतं. समोरच्या कोर्टबाई होत्या, कोणीतरी बाई ठेवता आली असती, काहीतरी झालं असतं. पण तू सकाळी केस विंचरायचीस आणि कपाटामागे बसून वाचायचीस, पानं उलटलेली ऐकू यायची, आणि मला ते बरं वाटत होतं. म्हणून तिसरं सत्र माझं म्हटलं. नुसत्या हाडासाठी म्हटलं नव्हतं.

हे सांगून झाल्यावर कोर्टबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा. आपलं ठरलंय.

त्या लोकांना हे कळवायचं असेल तर कळव, दुसरा अंगठा आहे. मला वाटतं त्यांना गरज नाही. तुला होती.

जूनच्या आधी चार दिवस इकडे ये. छताचं कारण सांगू नकोस. माया पलंगाखाली बॅगेशेजारी ठेवली आहे, येऊन घेऊन जा.

आणि आता तू बेकरीतच आहेस, म्हणजे विसरायला जागा नाही. आल्याच्या बिस्किटांचे दोन पुडे पाठव. एक अख्ख्यांचा, तो कोर्टबाईंना, त्यांना मोडलेलं काही चालत नाही. दुसरा फुटक्यांचा भर, तो मला. मागच्या वेळी चुरा पाखरांना घातला ते चुकलं, चहात बुडवायला मी अख्खं बिस्कीटही आधी मोडूनच घेते. तिकीट मात्र दोन्ही पुड्यांना वेगवेगळं लाव.

तुझी आजी